मिठाच्या पोटातली आग

या मित्रांनो, या. असे लांब नका बसू, जरा पुढे सरका. माझा आवाज लहान आणि गोष्ट मोठी आहे. कीर्तनाला गेलो की कसे आपण चपला बाहेर काढतो आणि "अहो, थोडं आत घ्या" म्हणत शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो, तसे बसा. आज मी तुम्हाला एका आईची, तिच्या मुलाची आणि एका आगीची गोष्ट सांगणार आहे. ती आग माझ्याच पोटात आहे. दचकू नका! ती कुणाला भाजत नाही. का भाजत नाही, तेच तर सांगायचं आहे.

मी एक जुना मिठाचा खडा आहे. मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या एका चाळीत, देवघराशेजारच्या फळीवर काचेच्या बरणीत राहतो. माझा आकार मोठ्या माणसाच्या मुठीएवढा. अंग सपाट, चौकोनी, आणि उन्हात धरलं तर आरपार उजेड दिसतो. एवढा मोठा, एवढा नितळ खडा तुम्ही दुकानात पाहिला नसेल. मी बढाई मारत नाही, आहे ते सांगतो.

माझा जन्म जवळच्याच मिठागरातला. भरतीचं खाडीचं पाणी बांध घातलेल्या उथळ वाफ्यांमध्ये घ्यायचं, आणि मग ऊन आणि वारा काय करतील ते करू द्यायचं. पाणी आटत जातं, खारट होत जातं, आणि एक दिवस तळाशी पांढरे दाणे धरतात. माझी भावंडं वाटाण्याएवढी झाली की लगेच फावड्याने ओढली जात. मी मात्र बांधाच्या एका खुंटीला चिकटून होतो. कोपऱ्यात असल्याने मला कुणी ओढलं नाही, आणि मी आपला महिनोन् महिने निवांत वाढत राहिलो.

मला पहिल्यांदा पाहिलं ते द्रौपदीने. ती त्या मिठागरात कामाला होती. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या, पण माझ्यासारखा खडा दिसल्यावर तिने तो असा हळुवार उचलला, जसं कुणी देवाचं निर्माल्य उचलावं.

त्याच आठवड्यात हनुमान जयंती होती. मिठागराच्या कडेच्या मारुतीसमोर कीर्तनाला जानकीबाई आल्या. जानकीबाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते गेल्यावर बाईंनी आपल्या वडिलांची कीर्तनाची विद्या हाती धरली. काय तो आवाज! कमरेला उपरणं बांधून त्या उभ्या राहिल्या आणि झांजा वाजल्या, की पेटीवाल्यालासुद्धा मान वर करावीशी वाटे. पूर्वरंगात त्या असं काही समजावून सांगत की अडाण्याला कळावं आणि शहाण्याने गप्प बसावं. उत्तररंगात कथा लागली की बायकांचे पदर डोळ्यांना जात.

कीर्तन संपल्यावर द्रौपदी पुढे आली आणि मला त्यांच्या ओंजळीत ठेवत म्हणाली, "बाय, नारल त सगलेच देतान. यो आमचा पांढरा नारल घे."

जानकीबाईंनी मला कपाळाला लावलं. मित्रांनो, त्या क्षणापासून मी साधा खडा राहिलो नाही. बाई मला कीर्तनाला नेऊ लागल्या. निरूपणात मला हातावर उंच धरून म्हणत, "हा बघा, दिसतो दगडासारखा. पण आमटीत पडला तर स्वतः नाहीसा होतो आणि सगळ्या घराची जेवणं गोड करतो. भक्ती अशी करावी!" सगळी सभा माझ्याकडे बघे. कोणत्या दगडाला असा मान मिळतो, सांगा बरं? सून मालन एकदा दृष्ट काढायला माझा तुकडा मागू लागली, तर बाई म्हणाल्या, "ह्यो खडो माझो टाळकरी आसा. टाळकऱ्याक कोणी तोडता काय गो?"

आता त्या घरातल्या लवूबद्दल सांगतो. लवू म्हणजे जानकीबाईंचा एकुलता एक मुलगा. भांडुपच्या एका रासायनिक कारखान्यात तो कामाला होता. संध्याकाळी चहा पिताना तो कारखान्यातल्या गोष्टी सांगे, आणि मी बरणीतून ऐके. त्याच्या खात्यात सोडियम असे.

सोडियम हे मूलद्रव्य आहे, मित्रांनो. मूलद्रव्य म्हणजे ज्याच्या आत दुसरं कुणी नाही, ते एकटंच एक. सोडियम हा धातू. नुकता कापला तर चांदीसारखा चमकतो, आणि सुरीने कापावा इतका मऊ असतो. पण स्वभाव? हवा लागली की चेहरा उतरला, पाणी दिसलं की डोकं फिरलं! म्हणून त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवावं लागतं. त्या कारखान्यात क्लोरीनही असे. तेही मूलद्रव्यच, पण वायू. हिरवट पिवळा, श्वासात गेला तर घुसमटवणारा. "एक पेटवणारा आणि एक गुदमरवणारा," लवू म्हणे, "त्या दोघांच्या मध्ये मी!" आणि सगळे हसत.

पण ज्येष्ठात एक दिवस कुणी हसलं नाही. कारखान्यात सोडियमचा एक तुकडा चिमट्यातून निसटून ओल्या मोरीत पडला. मोठा आवाज झाला आणि झगझगीत पिवळी ज्वाळा वर आली. लवू बाजूला फेकला गेला. त्याच्या भुवया जळाल्या आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला, पण जीव वाचला. हाताला पट्टी बांधून तो घरी आला, तेव्हा जानकीबाई देवापुढे बसूनच होत्या. तिथल्या तिथे त्यांनी हात जोडले आणि व्रत घेतलं. "रामराया, माझो झील माका परत दिलंस. येत्या चातुर्मासात चार महिने मी मीठ सोडलंय."

आपल्याकडे चातुर्मासात कुणी कांदा सोडतं, कुणी वांगं सोडतं, कुणी पानावर न जेवता जमिनीवर जेवतं. जानकीबाईंनी मला सोडलं.

माझी बरणी फळीच्या मागच्या अंगाला गेली, तिच्यावर फडकं आलं. बाईंचं ताट वेगळं वाढलं जाऊ लागलं. अळणी भात, अळणी वरण, अळणी भाजी. मालन एकदा काकुळतीला येऊन म्हणाली, "आई, निदान सैंधव तरी घ्या. उपासाला चालतं ना?"

"सैंधव म्हणजे मिठाचोच सख्खो भाव," बाई म्हणाल्या. "देवाक कोणी फसवता काय?"

त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. सैंधव म्हणजे जमिनीखाली खाणीत सापडणारं मीठ. फार फार पूर्वी आटलेल्या समुद्राचं. ते खनिज, मी खाडीतला. घरं वेगळी, कूळ एकच.

आता इथे एक अडचण होती. बाईंना रक्तदाब होता. डॉक्टर वसुधाताईंनी त्यांना लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली होती, आणि "मीठ जरा कमी करा" असं सांगितलं होतं. ती गोळी पाण्याबरोबर अंगातलं मीठही काढते. बाई गोळी नेमाने घेत होत्या आणि मीठ मुळीच खात नव्हत्या. देवाशी बोललेलं डॉक्टरला कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. आश्विनाचं ऊन तापलं. नवरात्रात देवळात रोज संध्याकाळी बाईंचं कीर्तन होतं. पाचव्या माळेला त्यांनी पहिलं चरण म्हटलं, आणि पुन्हा तेच म्हटलं, आणि पुन्हा तेच. झांजा एकमेकींना चुकू लागल्या. लोकांना वाटलं, बाईंची तंद्री लागली. कुणी डोळे मिटले, कुणी टाळ्या धरल्या. मालनने मात्र पुढे होऊन सासूचा हात धरला, तर तो गार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीत बातमी पसरली की जानकीबाईंच्या अंगात देवी आलीय. समोरच्या खोलीतली शकु ओटीचं ताट घेऊनच दारात उभी.

"मालन, विचार ना गं. माझ्या मीराचं लग्न यंदा जमेल का?"

जानकीबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "तू कोण गो? मासे हाडलंस?"

"अगं बाई!" शकु दोन पावलं मागे सरली. "देवी मासे मागतेय!"

"देवी नाही ती, माझी सासू आहे," मालन म्हणाली. "आणि नवरात्रात मासे मागतेय म्हणजे नक्कीच बरं नाहीये तिला. ताट ठेव आणि आधी वसुधाताईंना बोलव जा."

वसुधाताई आल्या, नाडी बघितली, प्रश्न विचारले. जेवण काय घेतात, असं विचारल्यावर मालनने रडत रडत व्रताचं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "मी कमी करा म्हटलं होतं, बंद करा नव्हतं गं! आणि वरून ती गोळी!" त्यांनी गोळी तिथल्या तिथे थांबवली, रक्त घेतलं आणि स्टेशनजवळच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं.

दुपारी लवू पहिल्या पाळीवरून आला. आईजवळ बसला. "आये, कशी आहेस?"

जानकीबाईंनी त्याच्याकडे बघून पदर सावरला आणि विचारलं, "तुम्ही खंयचे?"

मित्रांनो, ज्या मुलासाठी त्यांनी मीठ सोडलं होतं, त्या मुलालाच त्या ओळखत नव्हत्या. लवू उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तेवढ्यात वसुधाताई तपासणीचा निकाल घेऊन आल्या. "लवू, आईच्या रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय. आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायचं. शिरेतून सोडियम द्यावं लागेल. उशीर झाला तर झटके येतील, जिवावर बेतेल. मालन, रिक्षा बघ."

मालन पळाली. लवू मात्र दारात आडवा उभा राहिला.

"काय द्यावं लागेल?"

"सोडियम."

"नाही." त्याने बाही वर केली. कोपरापासून खाली सगळी कातडी सुरकुतलेली, गुलाबी. "हे बघितलंत? हे सोडियमनं केलंय. पाण्याच्या थेंबानं पेटतं ते, डॉक्टर. मी डोळ्यांनी बघितलंय. रक्त म्हणजे पाणीच ना? माझ्या आईच्या अंगात मी ते जाऊ देणार नाही."

"लवू, ते वेगळं..."

"वेगळं काय? नाव तर तेच घेतलंत ना तुम्ही!"

वसुधाताई रागावल्या नाहीत. हा हट्ट नव्हे, आईवरची माया आहे, हे त्यांना कळलं. त्यांची नजर फळीवर फिरली. "तुझ्या आईचा तो खडा कुठंय? कीर्तनातला?"

आणि मित्रांनो, माझ्यावरचं फडकं उचललं गेलं.

वसुधाताईंनी गॅस पेटवला. सुरीने माझ्या अंगावरून थोडी भुकटी खरवडली आणि निळ्या ज्योतीवर भुरभुरली. ज्योत झगझगीत पिवळी झाली. लवू एकदम मागे सरला, भिंतीला टेकला. "हाच! हाच रंग होता!"

"बरोबर," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळेतही याच पिवळ्या रंगावरून तुझ्या आईचं सोडियम मोजलं. म्हणजे या मिठात सोडियम आहे, पटलं? आता ही वाटी बघ." त्यांनी वाटीत पाणी घेतलं आणि उरलेली भुकटी त्यात टाकली.

लवूने हात डोळ्यांवर नेले. वाटीतलं पाणी जसंच्या तसं होतं. मी मुकाट्याने विरघळत होतो.

"पेटलं नाही," लवू पुटपुटला.

"नाहीच पेटणार. तू कारखान्यात बघितलंस ते एकटं सोडियम. मूलद्रव्य. आणि तो दुसरा तुमचा, नाकातोंडात जाणारा?"

"क्लोरीन."

"हां. त्या दोघांचं लग्न लागलं की हे होतं." त्यांनी मला उचलून त्याच्यापुढे धरलं. "याला संयुग म्हणतात. संसाराला लागले की दोघांचेही जुने स्वभाव राहत नाहीत. एकटं सोडियम जाळतं, एकटा क्लोरीन गुदमरवतो, आणि दोघं मिळून मीठ. आम्ही शिरेतून देतो ते हेच, शुद्ध पाण्यात विरघळवलेलं. तुझ्या आईनं जे सोडलं, तेच तिला परत द्यायचंय. दुसरं काही नाही."

यातली आतली गोष्ट मी तुम्हाला सांगतो, कारण ती माझ्या घरची आहे. सोडियमच्या प्रत्येक अणूजवळ एक इलेक्ट्रॉन असा असतो, जो त्याला स्वस्थ बसू देत नाही. क्लोरीनच्या प्रत्येक अणूला नेमकी एकाच इलेक्ट्रॉनची भूक असते. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, आणि दोघेही निवांत झाले. पाण्यात पडलो की माझ्यातले ते दोघे सुटे होऊन फिरतात खरे, पण दिलेलं कुणी परत मागत नाही. म्हणून पाण्यातही ते शांत असतात. मला तर यात मोठा परमार्थ दिसतो. ज्याने धरून ठेवलं तो पेटला, ज्याने देऊन टाकलं तो निवला.

लवूने वाटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. बाहेर मालनची हाक आली, "अहो, रिक्षा आली!" लवूने आता दार अडवलं नाही. तो आईजवळ गेला, आणि तिला त्याने स्वतःच दोन्ही हातांवर उचललं.

इस्पितळात सलाईन लागलं. वसुधाताई म्हणाल्या, घाई करायची नाही, हे हळूहळूच चढवावं लागतं. लवू बाटलीकडे बघत बसला. थेंब पडत होते. एकही पेटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीबाईंनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लवू, दाढी कित्याक करूक नाय?"

सगळं इस्पितळ हसलं, मालन रडली.

पण गोष्ट इथे संपत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता तोंडाने मीठ घालून पेज द्या. बाईंनी तोंड फिरवलं. "नळयेतसून गेला ता गेला. ता काय मी जिभेवर घेतलंय नाय. माझा व्रत मोडूक नाय. तोंडान मी मीठ खावचंय नाय."

वसुधाताईंनी समजावलं, मालनने हात जोडले. बाई ऐकेनात. परत तीच वेळ येणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

लवू उठून घरी गेला. येताना एका हातात पेजेचा डबा होता, दुसऱ्या हातात माझी बरणी. खाटेशेजारी बसून त्याने मला बाहेर काढलं आणि डब्याच्या झाकणाने माझा एक कोपरा तोडला. बाईंच्या तोंडून "अरे, माझो टाळकरी!" असं निघालं. कोपरा चुरून त्याने पेजेत टाकला आणि त्याच भाजलेल्या हाताच्या बोटाने ढवळत राहिला.

"आये, मीठ कोणासाठी सोडलंस?"

"तुझ्यासाठी रे."

"मग माझ्यासाठीच खा."

जानकीबाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "आणि देवाक काय सांगू?"

"सांग, लवूनं भरवलं."

त्यांनी तोंड उघडलं.

मित्रांनो, मला राजवाड्यात ठेवलं असतं तरी इतका मान मिळाला नसता! माझा तो कोपरा तुटला याचं मला तिळमात्र दुःख नाही. तो जिथे गेला, तिथून पुढे कितीतरी वर्षं मुलुंडच्या देवळांमध्ये झांजा वाजत राहिल्या.

तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा देवासाठी मीठ सोडत असतील तर त्यांची थट्टा करू नका, पण डॉक्टरांच्या कानावर मात्र जरूर घाला. शाळेत बाई किंवा सर सोडियम दाखवतील तेव्हा लांबूनच बघा; त्याला हात लावायचा नाही. मूलद्रव्य आणि संयुग यातला फरक पाठ करण्यापेक्षा समजून घ्या, कारण तो कधी कुणाच्या जिवाशी येईल सांगता येत नाही.

आणि एवढं करा. मला विसरलात तरी चालेल, मी आपला बरणीत बरा आहे. पण पेजेत मीठ घालाल तेव्हा भाजल्या हाताच्या त्या लवूची आठवण ठेवा. ज्याची त्याला सगळ्यांत भीती वाटत होती, ते त्याने आईसाठी आपल्या बोटाने ढवळलं.